घाईचं केळवण

सुरेखाकाकूंबद्दल चंडीगडच्या मराठी लोकांत कुणी वाईट बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही. तेव्हा ते काम मलाच करावं लागणार. आधी त्यांच्या बाजूचं सगळं सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की विश्वासरावांची क्षितिजा कृतघ्न निघाली.

काकू मूळच्या अमरावतीच्या. त्यांचे यजमान अविनाशकाका केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. बदली होऊन इथे आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. सेक्टर चाळीसमधल्या हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटात आम्ही खाली आणि ते वर. नव्यानं बदली होऊन आलेल्या मराठी बाईला गॅसचं कनेक्शन मिळायच्या आधी सुरेखाकाकू मिळतात. आमसुलं कुठे मिळतात, कुठली कामवाली दांड्या मारते, कुठल्या डॉक्टरला हिंदीतून ‘कसंतरी होतंय’ सांगितलं तर समजतं, सगळं त्यांना पाठ. गणपतीत मंडळाचा प्रसाद त्यांच्याशिवाय होत नाही. माझी आई गेली तेव्हा मिरजेहून नातेवाईक येईपर्यंत आणि ते परत गेल्यावरही आमच्या घरात चूल काकूंनी पेटवली. बाबा जेवत नव्हते तर समोर बसून, रागावून, त्यांना दोन घास खायला लावले. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर भांडणं सोपं झालं असतं.

पण दुसऱ्याच्या घरातलं लग्न म्हटलं की काकूंच्या अंगात येतं. कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली, कुणाचं ठरून मोडलं, कुणाचं मोडायला आलंय पण सावरता येईल, याचा त्यांना दुरून वास लागतो. मग त्या पदर खोचतात. मेथीचे लाडू घेऊन त्या घरी जातात आणि लाडूंचा डबा रिकामा होईपर्यंत उठत नाहीत. काही लग्नं त्यांनी खरंच जमवली. काही मोडली तीही त्यांच्या हिशेबी ‘वाचवली’ या खात्यात जमा होतात.

स्वतःच्या मुलाचं लग्न मात्र त्यांना कळलंच नाही. निशांतनं मोहालीच्या ऑफिसातल्या एका मुलीशी रजिस्टर लग्न केलं आणि आईला फोटो पाठवला. आधी का सांगितलं नाही, हे काकूंना ओळखणारं कुणीही सांगेल. सांगितलं असतं तर काकूंनी त्या मुलीच्या आईला फोन लावून पत्रिका, गोत्र आणि मुलीला भाकरी थापता येते का, इथपर्यंत सगळं विचारलं असतं. आता निशांत दिवाळीला येतो, फराळाचा डबा घेतो, गाडी चालूच असते. मला काकूंची कीव येत नाही असं नाही. पण आपल्याला भूक लागली म्हणून दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नसतो.

आता बाबांचं सांगते.

बाबा सेक्टर एकोणचाळीसमधल्या सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. भिडस्त माणूस. रिक्षावाल्यानं चुकीच्या वळणावर नेलं तर ‘इकडूनही जाता येतं’ म्हणणारा. निवृत्त झाल्यावर ते पेपर वाचायच्या निमित्तानं संस्थेच्या ग्रंथालयात जात राहिले आणि तिथे सतिंदर कौर होत्या. ग्रंथालयातच नोकरी, बाबांपेक्षा थोड्या लहान, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा नवतेज डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात कामाला. सासरची मंडळी मुल्लानपूरची, म्हणजे जिथे गव्हाच्या शेतात आता उंच इमारती उगवतात तिथली. जेठ-जेठानी म्हणजे थोरले दीर-जाऊ, सासू, सगळ्यांचं लक्ष असलेलं घर. सतिंदरजी मोजकं बोलायच्या आणि मनापासून हसायच्या. त्यांच्याशी बोलून आल्यावर बाबा घरात गुणगुणायचे. आई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

मला तेव्हा बंगळूरच्या एका कंपनीची चांगली नोकरी आली होती. मी हो म्हणत नव्हते. का म्हणत नव्हते ते बाबांना माहीत होतं. एके सकाळी मटार सोलता सोलता, वर न बघता, ते म्हणाले, “क्षितिजा, तू बंगळूरला जा. मी एकटा नसेन.”

मी मटारचं पातेलं बाजूला सरकवलं.

“सतिंदर आणि मी लग्न करावं म्हणतोय. तुझी हरकत नसेल तर.”

मला रडू आलं आणि हसूही आलं. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी सुटका वाटली. बाबांचं म्हातारपण कुणीतरी त्यांच्या बरोबरीनं काढणार, मी एकटीनं नाही. ही भावना काही फार उदात्त नाही, पण होती.

“फक्त एक,” बाबा म्हणाले. “लोहडीनंतर, म्हणजे संक्रांत झाली की, नवतेजचं लग्न आहे. तोवर कुणाला बोलायचं नाही. त्याचं लग्न झालं की ती त्याला शांतपणे सांगणार आहे. त्यानं तिच्याच तोंडून ऐकावं असं तिचं म्हणणं आहे. वडील गेल्यापासून तो तिच्याबाबतीत फार हळवा आहे.”

एवढंच होतं. लोहडीपर्यंत गप्प बसायचं. दोन शहाण्या माणसांनी विचार करून ठरवलेली साधी गोष्ट.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांची भाजीमंडी भरते, अपनी मंडी म्हणतात तिला. तिथे काकूंनी या दोघांना पाहिलं. ती दोघं नुसती गप्पा मारत उभी असती तर काकूंनी सोडूनही दिलं असतं. पण बाबांनी एक मोठा फ्लॉवर घेतला, भाजीवाल्याकडून त्याचे दोन भाग करून घेतले आणि दोन्ही भाग सतिंदरजींच्याच पिशवीत टाकले. संसार केलेल्या बाईला यापुढे काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी काकू मेथीचे लाडू घेऊन आमच्याकडे हजर.

“मी काय म्हणून राहिली, क्षितिजा,” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. आवाज खाली आणला की त्या जास्त ऐकू येतात. “पिशवी एक झाली तुझ्या बाबांची अन् त्या सरदारनीची. मला सगळं समजते.”

मी नाही म्हणू शकले असते, पण काकूंपुढे खोटं टिकत नाही. त्या लाडू संपेपर्यंत बसतात. मी स्पष्ट सांगितलं. “काकू, आहे तसं. पण लोहडीपर्यंत एक शब्द नाही. त्यांच्या मुलाला अजून माहीत नाही. त्याला आईच सांगणार आहे. तोपर्यंत कुठे बाहेर गेलं तर सगळं मोडेल.”

“काऊन मोडंल? चोरी करून राहिले काय ते दोघं?”

“काकू.”

“बरं बाई. माझ्या तोंडातून शब्द नाही निघणार. गजानन महाराजांची शपथ.”

आणि त्यांनी शपथ पाळली, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी शब्द काढला नाही. त्यांनी स्वयंपाक केला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काकूंनी बाबांना आणि सतिंदरजींना जेवायला बोलावलं. “साधंच, घरच्या घरी. त्यांची माझी ओळख तं व्हायला पाहिजे ना,” असं मला म्हणाल्या. सतिंदरजी आनंदानं आल्या. फिकट निळा सूट, हातात बर्फीचा डबा. आम्ही वर गेलो आणि दार उघडताच मला कळलं की हे साधं नाही.

बैठकीत मंडळाच्या सात-आठ बायका नटूनथटून बसलेल्या. जेवणाच्या टेबलावर दोनच ताटं मांडलेली, शेजारी शेजारी, त्यांच्याभोवती झेंडूच्या पाकळ्यांची रांगोळी. समई. खुर्च्यांना चक्क ओढण्या बांधलेल्या. ज्यानं महाराष्ट्रात एक लग्न पाहिलंय त्याला हे काय आहे ते सांगायला नको. लग्न ठरल्यावर नवऱ्या मुलाला आणि नवरीला जवळची माणसं जेवायला बोलावतात, गोडधोड करतात, ओवाळतात, आहेर देतात. केळवण. लग्न जगजाहीर झाल्यावरच करायची गोष्ट. मला कळलं, बाबांना कळलं, बसलेल्या सगळ्या बायकांना कळलं. जिचं केळवण होतं तिला तेवढं कळलं नाही.

“आप लोगों में मेहमानों की इतनी ख़ातिर होती है जी?” सतिंदरजी रांगोळीकडे बघत म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं. “हे काय आहे?”

“जेवण आहे,” काकू पुरणाची पोळी उलटत म्हणाल्या.

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“मी बोलली का काही? कोणाला एक शब्द बोलली? अगं, त्या बाईला एवढ्या वर्षांत कोणी कुंकू लावलं असंल का? तुझ्या बाबांना कोणी ओवाळलं असंल का? लपवून केलं की पाप वाटते, बाई. शुभकाम अंधारात ठेवू नये, अडते ते.”

“निदान फोटो काढू नका.”

“आपल्या आपल्यात आहे गं,” म्हणत त्या पोळ्यांचं ताट घेऊन बाहेर गेल्या.

मी तिथेच समई विझवून सगळ्यांना घालवून द्यायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. जिनं तुमच्या घरात आईच्या मरणानंतर चूल पेटवली, तिच्या घरची समई विझवून बघा.

बाबा मात्र बोलू शकले असते. मी त्यांच्याकडे पाहत होते. आत आल्या आल्या ते गोरेमोरे झाले होते, पण बसल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. काकूंनी ओवाळलं. सतिंदरजींना कुंकू लावलं तेव्हा त्या जरा मागे सरल्या आणि मग स्वतःच कपाळ पुढे केलं. वडा-भात झाला, पुरणपोळी झाली, बायकांनी आग्रह केला. बाबा लाजत होते. बासष्ट-त्रेसष्टचा माणूस, पण नवरदेवासारखा लाजत होता. लोहडी, नवतेज, मुल्लानपूर, सगळं त्या जेवणापुरतं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. त्यांना ते हवं होतं. चारचौघांत, उजेडात, ताटाभोवती रांगोळी काढून हवं होतं. काकूंना माणसाची नेमकी भूक कळते, हा त्यांचा गुण मी कधी नाकारला नाही. तिथेच तर त्या घात करतात.

“भावजी, नाव घ्या!” कुणीतरी ओरडलं आणि मग सगळ्याच ओरडायला लागल्या.

बाबा नको नको म्हणाले. मग डोळे मिटून, बहुधा तिथल्या तिथे जुळवून, म्हणाले:

“शिवालिकच्या पायथ्याशी थंडीची चाहूल,
सतिंदरच्या सोबतीनं टाकीन पुढचं पाऊल.”

टाळ्या. शिट्टीसुद्धा कुणीतरी मारली. सतिंदरजींनी आपलं नाव ऐकलं आणि वळून विचारलं, “क्या कहा आपने?” बाबांना सांगता येईना. काकू म्हणाल्या, “कविता है जी, आपके नाम की.” सतिंदरजी खळखळून हसल्या. निघताना काकूंनी त्यांची साडीनारळानं ओटी भरली. तीही त्यांनी पदर पसरून घेतली, म्हणजे ओढणी पसरून, कारण पाहुण्यानं भेट नाकारू नये.

तो उखाणा आणि ते हसू दोन्ही एका व्हिडिओत आहे. संध्याकाळ व्हायच्या आत काकूंनी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या विश्वासभावजींचं आणि सतिंदरजींचं केळवण. जोडा कसा दिसतो?’ मी पाहिल्याबरोबर वर धावत गेले आणि त्यांना तो काढायला लावला. त्यांनी काढलाही, कुरकुरत. तोवर ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता.

त्यात निमिष होता. सांगलीकडचा पोरगा, नुकताच इथे आलेला, सरळ स्वभावाचा. तोही डेराबस्सीला त्याच औषधांच्या कारखान्यात, नवतेजच्याच विभागात. सतिंदरजी एकदा नवतेजला डबा द्यायला आल्या होत्या, तेव्हा त्यानं त्यांना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेल्या गेल्या त्यानं नवतेजचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

“बधाई हो भाई, आंटीजी की शादी पक्की हो गई!”

नवतेजला वाटलं काहीतरी चेष्टा आहे. निमिषला वाटलं, पंजाबी माणसाला केळवण माहीत नसेल, म्हणून त्यानं समजावून सांगितलं. आमच्यात केळवण असतं, लग्न पक्कं झाल्यावरच करतात, त्याआधी नाही. ताटाभोवती रांगोळी का, उखाणा म्हणजे काय, सगळं नीट सांगितलं. आणि खात्री पटावी म्हणून फोनमध्ये उतरलेला व्हिडिओ दाखवला. बिचाऱ्याला अजून कळत नाही आपलं काय चुकलं. त्याचं काहीच चुकलं नाही. आपल्या माणसाला रांगोळी दिसली की तो लग्न समजतो, आणि बरोबरच समजतो.

पुढचं मला सतिंदरजींनी सांगितलं. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा बाबा शेजारच्या खोलीत अंघोळीहून येऊन केस पुसत होते. मी म्हटलं बोलावते, तर म्हणाल्या, थांब जरा, आधी मला बसू दे.

नवतेजनं आरडाओरडा केला नव्हता. केला असता तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. त्यानं फक्त व्हिडिओ समोर धरला होता आणि विचारलं होतं, “मम्मी, मेरे से पहले पूरे चंडीगढ़ के मराठों को पता था?” त्यांनी सांगायचा प्रयत्न केला की मलाच माहीत नव्हतं हे काय होतं ते. तो म्हणाला, “आप हँस रहे हो इसमें.” हसत होत्या खऱ्या. मग गोष्ट मुल्लानपूरला गेली, जेठजींनी मुलीकडच्यांना सांगितलं, मुलीकडच्यांनी विचारलं, मुलाच्या लग्नाआधी आईचं लग्न, हे काय घर आहे? नवतेजचं ठरलेलं मोडायची वेळ आली. मोडू नये म्हणून सतिंदरजींनी सगळ्यांसमोर, गुटक्यावर, म्हणजे गुरबाणीच्या छोट्या पोथीवर, हात ठेवून सांगितलं होतं की असं काही नाही आणि कधी होणार नाही.

“वो मान जाता, बेटा,” त्या मला म्हणाल्या. “मैं बताती तो मान जाता. मुझे पता है मेरा बच्चा.”

बाबा बाहेर आले. त्यांनी सतिंदरजींचा चेहरा पाहिला आणि टॉवेल हातातच राहिला.

“विश्वासजी, मैंने ज़ुबान दे दी है,” त्या उभं राहून म्हणाल्या.

“ठीक है जी,” बाबा म्हणाले. त्यांना तेवढंच येतं. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी हा माणूस ‘ठीक नहीं है’ म्हणेल. नाही म्हणाला. त्यांनी सतिंदरजींना जिन्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन टॉवेल वाळत घातला.

सतिंदरजी मात्र बाहेर न पडता वर गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी पिशवीतून साडी काढून काकूंच्या हातात दिली.

काकू बावरल्या, पण क्षणभरच. “मेरी क्या गलती है जी? मैंने तो आपको मान दिया. घर की बहू जैसा मान दिया.”

“खाना बहुत अच्छा था जी,” सतिंदरजी म्हणाल्या. “बस, पूछ लेते एक बार.”

आणि त्या गेल्या. नंतर त्यांनी संस्थेतून वेळेआधी निवृत्ती घेतली आणि मुल्लानपूरच्या घरी राहायला गेल्या असं कळलं. नवतेजचं लग्न ठरल्याप्रमाणे लोहडीनंतर झालं.

काकू आमच्याकडे येऊन रडल्या. खूप रडल्या. “माझा हेतू वाईट होता का, भावजी?” असं परत परत विचारत राहिल्या. बाबांनी त्यांना पाणी दिलं, समजूत घातली. “वहिनी, तुमचा काय दोष. व्हायचं ते होतं.” मी आतल्या खोलीच्या दारातून ऐकत होते. ज्याचं घर जळालं त्यानंच आग लावणाऱ्याच्या डोळ्यांतला धूर पुसायचा! अविनाशकाका त्यांना न्यायला आले होते. ते दारात उभे राहून माझ्याकडे पाहत एवढंच म्हणाले, “तिला सांगून उपयोग नसतो गं.” आयुष्यभराच्या संसारातून त्यांनी काढलेलं सार ते.

रडणं आठवडाभर टिकलं असेल. मग गोष्टीला काकूंच्या हातचा मसाला लागला. मंडळाच्या हळदीकुंकवात मी स्वतः ऐकलं. “बरं झालं बाप्पा वेळेवर समजलं. पोरगा असा निघाला. लग्न झाल्यावर समजलं असतं तं? भावजी वाचले म्हणा.” बायका माना डोलवत होत्या. एक जण तर म्हणाली, “तुम्ही केळवण केलं म्हणून तर उघड झालं, सुरेखाताई.” म्हणजे हेही ‘वाचवली’ या खात्यात जमा झालं. मी तिळगूळ तिथेच ठेवून निघून आले. कुणाशीच गोड बोलायची माझी इच्छा नव्हती.

मी बंगळूरची नोकरी नको म्हणून कळवणार होते. बाबांनी ऐकलं नाही. नाही म्हणणं त्यांना जमतच नाही, फक्त माझ्या बाबतीत जमतं. त्यांनीच माझी बॅग भरली. होळीच्या सुमारास मी गेले.

रोज फोन व्हायचा. जेवलात का, जेवलो. काय केलंत, पिठलं. फिरायला गेला होतात का, गेलो होतो. ग्रंथालयात जाणं त्यांनी सोडलं होतं. मंडीतही जात नव्हते. भाजी काकू आणून द्यायच्या. पुढे पुढे पोळीभाजीही वरूनच यायला लागली. बाबांच्या बोलण्यात ‘वहिनी म्हणत होत्या’ असं वरचेवर यायला लागलं. मी काही बोलत नसे. बोलून डबा तर मी पाठवणार नव्हते.

पाऊस संपल्यावर चंडीगडला डेंग्यूची साथ आली. बाबांचा आवाज फोनवर खोल गेलेला होता. ताप आहे म्हणाले, साधाच आहे म्हणाले. मग फोन उचलेनात. मला दुसऱ्या दिवशीचं विमान मिळत होतं, त्याच्या आधीचं नाही. फोनमध्ये सतिंदरजींचा नंबर होता. मी तो उघडून बघितला. त्या धावत आल्या असत्या, याबद्दल मला शंका नव्हती. आणि कुणीतरी पाहिलं असतं, आणि मुल्लानपूरला कळलं असतं, आणि त्यांनी दिलेला शब्द मी त्यांना मोडायला लावला असता.

मी काकूंना फोन केला.

“काकू, बाबांकडे बघाल का?”

“अगं, हे काय सांगणं झालं! निघाली मी, चप्पल घालून राहिली.”

त्यांनी निशांतला मोहालीहून बोलावून घेतलं, बाबांना दवाखान्यात दाखल केलं, प्लेटलेट द्यायला मंडळातली चार पोरं उभी केली. मी पोचले तेव्हा त्या खाटेशेजारी बसून बाबांना मुगाचं कढण भरवत होत्या. त्यांचेही डोळे जागरणानं सुजलेले. डॉक्टर म्हणाला, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मी काकूंच्या पाया पडले. पडावंच लागलं, आणि मनापासून पडले, हे मला जास्त लागलं.

बाबांना घरी सोडायच्या दिवशी काकूंनी खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली आणि आवाज खाली आणला.

“मी काय म्हणून राहिली, क्षितिजा. भावजींना आता एकटं ठेवणं बरोबर नाही. माझ्या पाहण्यात एक बाई आहे. अकोल्याची. शाळेत होती, रिटायर झाली. कोणी मागं नाही, पुढं नाही, विचारायची भानगडच नाही. अन् आपल्यातली आहे. यायला तयार आहे ती. मी बोलून ठेवलं आहे.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता जे काही मनात साठलं होतं ते सगळं, रांगोळीपासून हळदीकुंकवापर्यंत, बाहेर पडणार होतं. पण बाबा आधी बोलले.

“वहिनी, तुम्ही ठरवाल तसं.”

काकूंचा चेहरा फुलला. त्या लगेच फोन घेऊन बाहेर गेल्या.

घरी येताना गाडीत बाबा मागच्या सीटवर डोकं टेकून बसले होते. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. मी विचारलं, “बाबा, तुम्हाला खरंच हवंय हे?”

“नाही,” ते म्हणाले.

“मग हो का म्हणालात?”

लाल दिव्यावर गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, “तुला सोमवारी परत जायचंय ना.”